कात्ता

भंवरकुव्याच्या क्लासात आम्ही अकरा जणी.
तारे मॅडम म्हणतात, निईगाताला गेल्यावर
आजीबाईंना उचलणं, पुसणं, भरवणं जमेल तुम्हांला,
पोरी दणकट आहात.
अडेल ते दुपारी दोन ते चार,
गोळ्या देऊन झाल्यावर, टीव्ही बंद असताना.
तेव्हा त्यांच्या जुन्या दिवसांबद्दल बोलायचं.
लिहून घ्या.

ओवाकाई कोरो, दोन्ना ओशिगोतो ओ?
तरुणपणी काम कोणतं करत होतात?
लढाईचं विचारू नका. पगाराचं विचारू नका.
आईच्या हातच्या लोणच्याचं विचारा.
तीच गोष्ट चौथ्यांदा आली तरी
भुवया पहिल्यांदासारख्याच वर गेल्या पाहिजेत.

सराव कुणाशी करायचा?
भावना राठौर आरशाशी करते.
मला स्नेहलतागंजातले खिरवडकर मास्तर सापडले.
गिरणीत विव्हिंग मास्तर होते,
अडुसष्ट साली नवे माग शिकायला
हामामात्सूला आठ महिने राहून आलेले.
कवळी काढून ठेवली की
त्यांचे उच्चार मॅडमपेक्षा बरे येतात.

पहिल्या दिवशी मी वही उघडून सुरू केलं,
ओवाकाई कोरो...
हळू, ते म्हणाले,
मी अजून तिथं पोचलो नाहीये.

त्यांच्याकडे शब्द दीडशे असतील.
त्यातले साठ मागाचे: धोटा, फणी, तुटलेला दोरा.
उरलेल्या नव्वदात बोलायचं.
मराठीत ते फार बोलतात.
मराठीतली त्यांची गिरणी, त्यांचा संप, त्यांचा बोनस
सूनबाईंनाही पाठ आहे.
जपानीत थापा मारता येत नाहीत,
क्रियापदं पुरत नाहीत.

मग कात्ताचा धडा आला.
सामुई म्हणजे थंड. सामुकात्ता, थंड होतं.
आपल्याकडे थंड हे थंडच राहतं,
होतं-नव्हतं शेजारी येऊन उभं राहतं.
तिथं विशेषणच जुनं होतं.
शेवटची इ गळते, कात्ता लागतो.

मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, माहीत आहे.
काझे गा सामुकात्ता.
वारा. थंड होता.
माझ्या भुवया वर. सोऽ देसु का.
साबिशिकात्ता, ते म्हणाले.
हा शब्द माझ्या वहीत होता:
एकाकी, आणि ते संपलेलं.
पण त्यांनी असा उच्चारला
की इ गळालीच नव्हती.

चिची. वडील.
तार.
अकरा दिवस उशिरा.

होस्टेलात स्वयंपाकाला एक बाई होती.
तिच्यासमोर बसून हे मराठीत बोलत सुटले,
सगळं, वडिलांच्या सायकलच्या घंटीपर्यंत.
तिला अक्षर कळत नव्हतं.
ती संत्रं सोलत होती, मिकान,
फोडीवरची एकेक पांढरी शीर काढून,
आणि मध्येच, बरोब्बर जिथं ह्यांचा श्वास संपायचा तिथं,
सोऽ देसु का.

माझ्या वहीत ह्याचा अर्थ 'असं का?' असा आहे.
खोडला नाही. बाजूला जागा सोडली.

चहा ठेवताना सूनबाईंनी विचारलं,
काय चालतं हो तुमचं एवढं?
मी म्हटलं, हवापाणी.
खोटं नव्हतं. वारा होताच.

परवा माझा व्हिसा आला.
मास्तर म्हणाले, चल, मराठीला लावून बघू.
गार, गारकात्ता.
गोड, गोडकात्ता.
सूनबाईंना वाटलं, साखर कमी पडल्याचा टोमणा आहे.

जिन्याखाली मी चप्पल घालत होते
तेव्हा वरून आवाज आला,
एकटाकात्ता!
आणि मग खोकला, किंवा हसू,
खालून नीट कळलं नाही.
श्वास कुठं संपतो त्याचा अंदाज घेतला
आणि तिथूनच, जरा मोठ्यानं, म्हटलं,
सोऽ देसु का.